न्यूझीलंड साउथ आयलंड: कॅम्परव्हॅन घ्यावी की गाडी-मोटेल? (सोबत सासूबाई)

भटकभवानी
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. फेब्रुवारीत साउथ आयलंडला जायचं पक्कं झालंय, १६ रात्री, क्राइस्टचर्चला उतरायचं आणि तिथूनच परत. आम्ही चौघं: मी, नवरा, मुलगी (९) आणि सासूबाई (६७, गुडघे ठणठणीत, आवाज त्याहून). शहरं, शॉपिंग, बंजी काही नको. डोंगर, तळी, पक्षी आणि रात्रीचं आकाश एवढंच हवंय.

नवऱ्याने व्हिडिओ बघून बघून कॅम्परव्हॅन डोक्यात घेतलीये. म्हणजे सकाळी मागचं दार उघडायचं, समोर निळंशार तळं, हातात चहाचा कप वगैरे. मला ते पटतंय पण आणि नाही पण. तर प्रश्न:
हे खरंच स्वस्त पडतं का? एवढी धूड गाडी चालवायला जमते का? वाट्टेल तिथे मुक्काम करता येतो का? आणि टॉयलेटचं काय? (शेवटचा प्रश्न सासूबाईंचा. खरं तर त्यांचा तो एकच प्रश्न आहे.)

गिअरबदलू
स्वस्त? नाही. पुढचा प्रश्न.

गिअरबदलू
बरं नीट लिहितो, नाहीतर लोक मला उद्धट म्हणतील. आम्ही दोन वर्षांपूर्वी सहा बर्थची घेतली होती. जाहिरातीत दिसतं ते नुसतं भाडं. त्यावर विमा, डिझेल (मोठी व्हॅन पितेच) आणि एक गोष्ट जी मला काउंटरवर कळली ती म्हणजे रोड युजर चार्ज. तिकडे पेट्रोलचा रस्ताकर पंपावरच कापला जातो, डिझेलवर तो नसतो, म्हणून डिझेल गाडीला चाललेल्या किलोमीटरप्रमाणे वेगळा द्यावा लागतो, कंपनी परतीच्या वेळी मीटर बघून लावते. वर हॉलिडे पार्कात वीज जोडणीची जागा घेतली की माणशी पैसे, आम्ही दोघांचे रात्रीला ५० ते ६५ डॉलर दिले. बेरीज केली तर साधी गाडी आणि स्वयंपाकघरवालं मोटेल जवळजवळ तेवढ्यातच झालं असतं. फेब्रुवारी म्हणजे त्यांचा उन्हाळा, त्यामुळे भाडंही चढं.

तरी परत घेईन का? घेईन. का ते दुसरं कोणीतरी नीट सांगेल, मला हिशोबच सांगता येतो.

ढगफुटी
तुमच्या मिस्टरांना सांगा, दार उघडल्यावर व्हिडिओत तळं दिसतं, सँडफ्लाय दिसत नाहीत :)

टेकडीवाला
@ढगफुटी हसून हसून पुरेवाट. वेस्ट कोस्टला आम्ही चहाचा कप घेऊन बाहेर बसलो, पाच मिनिटांत कप, खुर्ची आणि अब्रू टाकून आत पळालो. डास परवडला, त्याचा निदान आवाज येतो.

भटकभवानी
अरे देवा. हे काय नवीन?

ढगफुटी
चावऱ्या बारीक माशा. नवीन नाही हो, कॅप्टन कुकनेही १७७३ मध्ये डस्की साउंडला मुक्काम असताना यांच्या नावाने खडे फोडलेत. माओरी लोक याला "ते नामू" म्हणतात. फार छान गोष्ट आहे त्यांची: देवाने फिओर्डलंडचे कडे कोरून काढले आणि ते इतके देखणे झाले की मृत्यूची देवी हिने-नुई-ते-पो घाबरली, माणसं इथून हलणारच नाहीत म्हणून. तर तिने नामू सोडले. दहा मिनिटं बघा आणि निघा अशी व्यवस्था.

कामाचं सांगायचं तर फक्त मादी चावते, रात्री अंधार पडला की बंद होतात, वारा असला की उडता येत नाही. म्हणजे व्हॅन वाहत्या पाण्यापासून थोडी लांब आणि वाऱ्यावर लावायची, पायमोजे घालायचे, आणि संध्याकाळी दार उघडं टाकून "अगं ते बघ डोंगर" असं करत उभं राहायचं नाही. एकदा आत शिरले की व्हॅनच्या काचांवर थवा बसतो.

खडूस_आजोबा
मला एक कळत नाही. निसर्गात जायचं म्हणायचं आणि सोबत बिछाना, फ्रिज, शेगडी, संडास असं अख्खं घर ओढत न्यायचं. मग घरीच बसा की. आम्ही तंबू घेऊन गेलो होतो, वयाच्या ६३ व्या वर्षी.

टेकडीवाला
आजोबांशी अर्धा सहमत. तंबू नको पण व्हॅन पण नको. लहान गाडी असली की कुठेही वळते, चढावर धापा टाकत नाही आणि मुक्कामी पोचलात की किल्ली टेबलावर. व्हॅनमध्ये दूध संपलं तरी अख्खं घर आवरून, सिंकमधली भांडी लॉक करून, प्लग काढून दुकानात जा. शिवाय चार माणसं पाऊस लागल्यावर त्या डब्यात, त्यात सासू-सून. मी काही बोलत नाही.

भटकभवानी
@टेकडीवाला बोललातच की :D आमचं छान जमतं हो. बहुतेक.

निवांत
मी थोडं लांब लिहिणार आहे, मोबाइलवरून टायपतेय, चुका पोटात घाला.

गिअरबदलूंनी "का ते दुसरं कोणी सांगेल" म्हटलंय त्याचं माझ्याकडे उत्तर आहे. औराकी माउंट कुकच्या पायथ्याशी व्हाइट हॉर्स हिल म्हणून कॅम्पसाइट आहे, संवर्धन खात्याची, तिकडे सगळे डॉक म्हणतात. हूकर व्हॅलीचा ट्रॅक तिथूनच सुरू होतो. दुपारी तीनला पोचलो तर पार्किंग जत्रेसारखं. बस, सेल्फी, ड्रोनबंदीच्या पाटीखाली ड्रोन घेऊन उभा माणूस. मी नवऱ्याला म्हटलं हेच बघायला आलो का आपण.

सहा-साडेसहाला बस निघून गेल्या. आठ वाजता मोजून तीसेक गाड्या उरल्या, आणि मग ऐकू यायला लागलं. समोर माउंट सेफ्टन आहे, त्याच्या अंगावर बर्फाच्या कपारी लटकलेल्या असतात, त्यातला तुकडा सुटतो. आधी वाटलं दूर कुठे विमान गेलं. मग परत. मग कळलं की हा डोंगराचाच आवाज आहे. रात्री तीनला जाग आली ती त्या गडगडाटानेच, पडदा सरकवला तर चांदण्यात अख्खा डोंगर निळा आणि कुठूनतरी भुकटीसारखं काहीतरी खाली येत होतं. अंगावर पांघरूण, पाय गरम, आणि खिडकीतून हे. मोटेलात असते तर मी तेव्हा भिंतीकडे तोंड करून झोपलेली असते.

पहाटे ट्रॅकवर आम्ही दोघं आणि एक जपानी आजी. बस. तर व्हॅनचे पैसे या संध्याकाळ-पहाटेचे असतात, दुपारी सगळ्यांना सारखंच दिसतं. म्हणून व्हॅन घेऊन रोज ३०० किमी पळणार असाल तर घेऊच नका, पैसे पाण्यात.

(हूकरच्या दुसऱ्या झुलत्या पुलामुळे २०२५ मध्ये ट्रॅकचा पुढचा भाग बंद केला होता. निघायच्या आधी डॉकची वेबसाइट बघून जा.)

सांजसावली
@निवांत काटा आला अंगावर. वाचनखूण साठवली.

गिअरबदलू
@निवांत हेच म्हणायचं होतं मला. मी फक्त डिझेलचं बोललो.

खडूस_आजोबा
तो आवाज तंबूतून जास्त चांगला येतो.

ढगफुटी
आजोबा :)) 

आता "वाट्टेल तिथे मुक्काम" याबद्दल. नाही. हा गैरसमज घेऊन बरेच लोक जातात. फ्रीडम कॅम्पिंग नावाचा प्रकार आहे पण त्याला २०११ चा कायदा आहे, आणि कुठे चालेल कुठे नाही हे त्या त्या भागाची कौन्सिल ठरवते. बऱ्याच ठिकाणी सेल्फ कंटेन्ड, म्हणजे संडास-पाण्याची सोय आतच असलेली गाडीच लागते. २०२३ ला नियम आणखी कडक झाले, आता गाडीत पक्का बसवलेला संडास लागतो, सीटखालून ओढून काढायचा डबा चालत नाही. त्याच्या प्रमाणपत्राचं (वॉरंट) जुनं निळं स्टिकर जाऊन हिरवं आलंय. बुक करताना "हिरवं वॉरंट आहे का" असं सरळ विचारा. चुकीच्या जागी सापडलात तर दंड ४०० डॉलरपासून पुढे.

टेकापोच्या त्या प्रसिद्ध दगडी चर्चच्या बाजूला रात्र काढायचं स्वप्न असेल तर तेही विसरा. गावात हॉलिडे पार्क आहे तिथे राहा, आकाश तेच आहे. तो अख्खा मॅकेन्झीचा पट्टा २०१२ पासून डार्क स्काय रिझर्व्ह आहे, रस्त्यावरचे दिवेसुद्धा खाली तोंड करून लावलेत. चंद्र कुठल्या तारखेला आहे ते बघून टेकापो ठरवा, पौर्णिमेला गेलात तर चंद्रच बघाल.

मी_पुन्हा_मीच
टेकापोला ल्युपिनची जांभळी फुलं बघायची राहू देऊ नका!! स्वर्ग!!

ढगफुटी
फेब्रुवारीत संपलेली असतात ती, नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर असतात. आणि खरं सांगायचं तर ती तिथली नाहीतच, बाहेरून आलेलं तण आहे. नद्यांच्या वाळवंटात काळ्या स्टिल्टसारखे पक्षी उघड्या गोट्यांवर घरटं करतात, ल्युपिन ती जागाच खाऊन टाकते.

मी_पुन्हा_मीच
आमच्या हनिमूनचा फोटो आहे हो त्यात. तुम्ही फुलं पण सोडत नाही.

कडेलोट
चालवण्याबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून मी. डाव्या बाजूनेच आहे त्यामुळे आपल्याला सोपं. लायसन्स इंग्रजीत असेल तर चालतं, नसेल तर अधिकृत भाषांतर लागतं. साध्या कारच्या लायसन्सवर ६००० किलोपर्यंतची गाडी चालते. पण साडेतीन टनांच्या वरच्या व्हॅनला हायवेला ९० ची मर्यादा, बाकी गाड्यांना १००. म्हणजे तुमच्या मागे कायम वरात असणार. लाजू नका पण स्लो व्हेइकल बे दिसला की बाजूला घ्या, लोक हात करून जातात, नाही घेतलं तर वेगळा हात करून जातात.

वन-लेन पूल भरपूर. पाटीवर दोन बाण असतात, तुमचा बाण छोटा आणि लाल असेल तर तुम्ही थांबायचं. हास्ट नदीवरचा तर पाऊण किलोमीटरच्या आसपास आहे, मध्ये मध्ये बाजूला घ्यायला जागा ठेवलीये. बायको म्हणाली समोरून ट्रक आला तर? मी म्हटलं तर लग्नाच्या वाढदिवशी गोष्ट सांगू.

नवीन माणसाला खरा त्रास वाऱ्याचा होतो. लिंडिस पास आणि टेकापोच्या माळावर ती उंच भिंत आडव्या वाऱ्यात अशी ढकलली जाते की दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट. गुगल जो वेळ सांगतो त्याच्या सव्वापट धरा. आणि पहिल्याच दिवशी विमानातून उतरून गाडी घेऊन पळू नका, एक रात्र क्राइस्टचर्चला झोपा. झोपेत असताना आरसे लागतात.

भटकभवानी
आरसे लागतात म्हणजे?

कडेलोट
दुसऱ्याच्या गाडीला. स्वानुभव. आणि मग विमा. पूर्ण विमा घेतला होता तरी परत करताना एक ओरखडा छपरावर निघाला, झाडाच्या फांदीचा, आणि छप्पर "पूर्ण" मध्ये येत नाही म्हणे. कंपनीचं नाव घेत नाही, पण करारात छप्पर, गाडीचं पोट आणि चुकीचं इंधन हे तीन शब्द शोधाच. काही रस्तेही विम्यात नसतात, क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्सचा रस्ता ठरलेला. गाडी घेताना छपराचासुद्धा व्हिडिओ काढा, शिडी मागा, मिळते.

टेकडीवाला
आणि किआ! किआ विसरलात! हिरवा डोंगरी पोपट, आर्थर्स पासला आणि मिलफर्डच्या होमर बोगद्याशी. गाडी उभी केली की छपरावर टकटक, मग काचेचं रबर सोलतो, एरियल ओढतो. आमच्या वायपरचं रबर एकाने इतक्या शांतपणे काढलं की आम्ही व्हिडिओ काढत राहिलो आणि हाकलायचं विसरलो. खायला मात्र अजिबात घालू नका. एकदा सवय लागली की माणसांच्या मागे मागे फिरतात आणि गाड्यांखाली मरतात. आधीच थोडे उरलेत.

सांजसावली
किआचं नुकसान विम्यात येतं का?

कडेलोट
ते विचारायची मला हिंमत झाली नाही.

आजीबाईंचा_बटवा
नमस्कार. मी भटकभवानीची सासू. सुनेने धागा वाचायला दिला म्हणून आयडी काढला. सगळं वाचलं, सेफ्टनचा आवाज वगैरे फार आवडलं. पण माझ्या प्रश्नाला बगल देऊन सगळे पोपटावर गेलात.

गिअरबदलू
__/\__ काकू

खडूस_आजोबा
वहिनी, प्रश्न रास्त आहे.

निवांत
काकू नमस्कार. मी सांगते सविस्तर, जेवण झालं असेल तर वाचा.

व्हॅनमध्ये छोटंसं बाथरूम असतं, त्यातच शॉवर आणि कमोड. त्याखाली एक डबा असतो, कॅसेट म्हणतात, साधारण १८-२० लिटरचा. आतून तो दिसत नाही. गाडीच्या बाहेरून एक छोटं झाकण उघडून सुटकेससारखा ओढून काढायचा, चाकं पण असतात बऱ्याचदा. भरत आला की लाल दिवा लागतो. हॉलिडे पार्कात आणि बऱ्याच गावांत डम्प स्टेशन असतं, फुकट किंवा थोडे पैसे, तिथे ओतायचा, पाण्याने विसळायचा, निळं औषध टाकून परत ढकलायचा. चौघांना दर दीड-दोन दिवसांनी लागेल. सिंकचं पाणी वेगळ्या टाकीत जातं, तेही तिथेच सोडायचं, रस्त्याच्या कडेला नाही.

आता खरी गोम. ओतताना नळीच्या बाजूला, अंगठ्याखाली एक बटण असतं. ते दाबून धरलं तर हवा आत जाते आणि सगळं शांतपणे वाहतं. नाही दाबलं तर गुडूप गुडूप करून उडतं. आमच्या ह्यांनी पहिल्या दिवशी दाबलं नव्हतं. त्या पँटबद्दल घरात अजून बोललं जात नाही.

बाकी टिप अशी की कॅम्पसाइटवर संडास असतातच, तिथे शक्यतो तेच वापरा, डबा फक्त रात्रीपुरता ठेवा. फक्त डॉकच्या साध्या साइटवर पुष्कळदा खड्ड्याचे संडास असतात, वासाची तयारी ठेवा.

आजीबाईंचा_बटवा
एवढंच ना. मग त्यात काय. मुलाला बटणाचं सांगून ठेवते.

टेकडीवाला
काकू आमच्या पक्षात येतील वाटलं होतं. पडलो.

सांजसावली
भटकभवानी, एक मधला मार्ग सुचवते. आम्ही आईबाबांना घेऊन गेलो तेव्हा हॉलिडे पार्कात व्हॅनची जागा आणि शेजारीच छोटी केबिन अशी दोन्ही घेतली, दर तिसऱ्या रात्री. आई केबिनमध्ये पाय पसरून झोपायची, आम्ही व्हॅनमध्ये, कपडे धुवायचं मशीन पण तिथेच. कारण सहा बर्थ म्हणतात त्यातला एक पलंग ड्रायव्हरच्या डोक्यावर शिडी चढून असतो (लेक खूश), आणि एक म्हणजे जेवायचं टेबल मोडून रोज रात्री बनवायचा, सकाळी परत मोडायचा. आठव्या दिवशी त्या गाद्यांचं कोडं सोडवताना आम्ही भांडलो. बर्थ मोजू नका, सीटबेल्ट मोजा.

आणि विजेचं: प्लग जोडला तरच मायक्रोवेव्ह आणि चार्जिंगचे सॉकेट चालतात. नुसत्या बॅटरीवर दिवे, पंप, फ्रिज. दोन रात्री बिनविजेच्या, तिसरी विजेची हा ताल बरा बसतो.

भटकभवानी
हे मस्त आहे. मग रूट बघा बरं: क्राइस्टचर्च, टेकापो २, माउंट कुक २, वानाका १, क्वीन्सटाउन १, ते आनाउ १, मिलफर्ड १, कॅटलिन्स १, डुनेडिन १, परत वर येऊन फ्रान्झ जोसेफ १, पुनाकायकी १, आर्थर्स पास १, कायकोरा २

निवांत
बाई गं. वर काय लिहिलं मी.

कडेलोट
यात निसर्ग कुठे आहे? यात फक्त डांबर आहे.

ढगफुटी
दोनांपैकी एक बाजू निवडा. एकतर हास्ट पास ओलांडून वेस्ट कोस्ट, नाहीतर मिलफर्ड आणि कॅटलिन्स. पक्षी हवेत म्हणालात म्हणून मी दुसरं म्हणेन. कॅटलिन्समध्ये क्युरिओ बे आहे, ओहोटीला ज्युरासिक काळातलं दगड झालेलं जंगल उघडं पडतं, झाडांचे बुंधे, ओंडके, पायाखाली. संध्याकाळी तिथेच पिवळ्या डोळ्यांचा पेंग्विन येतो, होइहो. ५० मीटर लांब थांबायचं, तुम्ही वाटेत उभे दिसलात तर तो समुद्रातून बाहेरच येत नाही आणि पिल्लं उपाशी राहतात. आम्ही दीड तास गप्प बसलो, एकच आला, दगडावर उभा राहून पंख पसरून वाळवत बसला, मुलं श्वास धरून. शेजारच्या पॉरपॉइज बेमध्ये हेक्टर डॉल्फिन. आणि डुनेडिनजवळ टायारोआ हेडला अल्बाट्रॉस, त्याचे पंख तीन मीटर, डोक्यावरून गेला की सावली पडते.

मिलफर्डला क्वीन्सटाउनहून एका दिवसात जाऊन येऊ नका. ते आनाउला डिझेल भरा आणि त्याच रस्त्यावर कॅस्केड क्रीकला डॉकच्या साइटवर राहा, सकाळी पहिली बोट धरा, बसवाले दुपारी येतात. पाऊस असेल तर रडू नका, तिथे वर्षाला ६ मीटरहून जास्त पडतो आणि पडला की प्रत्येक कड्यावरून धबधबा.

मी_पुन्हा_मीच
बूट धुवून न्या! विमानतळावर तळवे बघतात. चिखल, बिया काही नको. मध तर नेऊच नका, आणि खाण्याचं काहीही असलं तरी फॉर्मवर लिहा, न लिहिता सापडलं तर ४०० डॉलर. आमचे गेलेत. एका सफरचंदाचे.

खडूस_आजोबा
सर्वात महागडं सफरचंद. हनिमूनलाच का?

मी_पुन्हा_मीच
हो :(

भटकभवानी
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं. सहा बर्थची व्हॅन, हिरवं वॉरंट विचारून. वेस्ट कोस्ट रद्द, नवरा दोन दिवस बोलत नव्हता. टेकापो २, माउंट कुक ३, ते आनाउ २, कॅस्केड क्रीक २, कॅटलिन्स ३, डुनेडिनच्या बाजूला २, पहिली आणि शेवटची रात्र क्राइस्टचर्च. दर तिसऱ्या रात्री केबिन बघतोय. आल्यावर लिहीन.

निवांत
आता कसं. जाऊन या.

भटकभवानी
(मार्च) धागा वर काढतेय. परत आलो. वृत्तांत सवडीने, पण थोडक्यात: टेकापोला दोन्ही रात्री ढग. माउंट कुकला आवाज ऐकला, निवांत, तीनला नाही, साडेचारला, लेक म्हणाली कोणीतरी फर्निचर सरकवतंय. पेंग्विन दिसला नाही, सी लायन दिसला, पार्किंगमध्ये झोपला होता, त्याच्यामुळे चाळीस मिनिटं अडकलो. पैसे गिअरबदलू म्हणाले त्याहून जास्तच गेले. छपराचा व्हिडिओ काढला होता, कामाला आला. केबिन दोनदाच घेतली कारण सासूबाईंना व्हॅनमधलाच पलंग आवडला, केबिनमध्ये आम्ही दोघं झोपलो.

कडेलोट
आणि कॅसेट?

आजीबाईंचा_बटवा
मीच केली, तीनदा सोडून. ते तीनदा मुलाने केलं. बटण सांगितलं होतं त्याला.